फाईल उघडत नाही? आधी तिच्या पोटात काय आहे ते पाहा

जून-जुलै आला की आमच्या इकडे पेरणी अन् फॉर्म दोन्ही सोबतच सुरू होते. पोरापोरींचे ॲडमिशनचे फॉर्म, स्कॉलरशिप, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, पीक विमा, अन् ह्या सगळ्या धावपळीत एक वाक्य रोज कानावर येते, "भाऊ, फाईल ओपनच नाही होऊन राहिली." पुण्याच्या भाच्यानं आयफोनवरून मार्कशीटचा फोटो पाठवला तर तो काँप्युटरवर दिसत नाही, बँकेचं स्टेटमेंट आलं तर ते पासवर्ड मागते, तालुक्याच्या प्रिंटिंगवाल्यानं बॅनरची फाईल पाठवली तर ती कशातच उघडत नाही. अन् दुसरीकडे पेपरात बातम्या येतात की व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, नाहीतर गाडीचं चलान म्हणून एक फाईल आली, त्यानं ती दाबली अन् खातं रिकामं झालं. म्हणजे जी उघडायला पाहिजे ती उघडत नाही अन् जी उघडूच नये ती एका बोटात उघडते!

ह्या दोन्ही भानगडींचं मूळ एकच आहे, ते आधी समजून घेऊ. मग प्लगइनवाला फुकटचा व्ह्यूअर म्हणजे काय, तो घरच्या काँप्युटरवर कसा कामी येतो अन् कुठं कामी येत नाही ते पाहू. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आधार, सातबारा, पासबुक असले कागद फक्त "उघडत नाही" म्हणून कोणत्याही अनोळखी वेबसाईटवर चढवायची गरज नव्वद टक्के वेळा नसते, ते काम घरच्या घरी, नेट नसतानाही होते.

फाईलचं नाव अन् फाईलचा माल

फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन दोन-चार अक्षरं असतात, जेपीजी, पीडीएफ, डॉक्स अशी, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. अन् आतली माहिती कोणत्या पद्धतीनं रचून ठेवली आहे, त्या पद्धतीला फॉरमॅट म्हणतात. बहुतेक लोकांना वाटते की दोन्ही एकच. नाही.

बाजार समितीत पोत्यावर कोणी खडूनं "तूर" लिहून ठेवलं म्हणून अडत्या बोली सुरू करत नाही, पोत्यात हात घालून मूठभर माल काढून पाहतो, दाणा कसा आहे, ओल किती आहे, अन् मगच भावाचं बोलतो. एक्स्टेन्शन म्हणजे पोत्यावरचा खडू, तो कोणीही पुसून दुसरा लिहू शकते. फॉरमॅट म्हणजे आतला दाणा.

अन् हा दाणा खरंच पाहता येतो. एखादी पीडीएफ नोटपॅडमध्ये, म्हणजे विंडोजसोबतच येणाऱ्या साध्या लिहायच्या प्रोग्राममध्ये, ओढून टाका. पूर्ण स्क्रीनभर कचरा दिसेल, पण पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह अन् त्याला लागून पी डी एफ ही तीन इंग्रजी अक्षरं स्पष्ट वाचता येतील. पीएनजी फोटो टाकला तर एका विचित्र चिन्हानंतर पी एन जी. वर्डची डॉक्स फाईल टाकली तर मात्र सुरुवातीला पी के दिसते, अन् झिप फाईल टाकली तरी पी केच. कारण डॉक्स आतून झिपच आहे, अन् पी के म्हणजे झिप फॉरमॅट काढणारा फिल कॅट्झ, त्याच्या नावाची आद्याक्षरं. विंडोजवर चालणारा प्रोग्राम म्हणजे ईएक्सई फाईल एम झेड ह्या दोन अक्षरांनी सुरू होते. नोटपॅड फाईल चालवत नाही, फक्त अक्षरं दाखवते, म्हणून संशयाच्या फाईलवर डबल क्लिक करण्यापेक्षा हे बरं. "फोटो" म्हणून आलेली फाईल एम झेडनं सुरू होत असेल तर तो फोटो नाही, लगेच डिलीट मारा.

ह्यात विंडोजनं आपल्या डोक्याला एक ताप करून ठेवला आहे. ते एक्स्टेन्शन आपल्या सोयीसाठी म्हणून लपवून ठेवते. त्यामुळे कोणी "पत्रिका.जेपीजी.ईएक्सई" असं नाव दिलं तर आपल्याला फक्त "पत्रिका.जेपीजी" एवढंच दिसते. फोल्डर उघडून वर व्ह्यू मेन्यूत जा, तिथं फाईल नेम एक्स्टेन्शन्स म्हणून एक खूण आहे ती लावा. विंडोज अकरामध्ये ती व्ह्यूच्या आत शो मध्ये सापडते. हे काम आजच करा, लेख नंतर वाचला तरी चालते.

मोबाईलवरच्या लग्नपत्रिकेचा मामला थोडा वेगळा आहे. तिथं फाईलच्या शेवटी एपीके असते, अन् एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप. ते दाबून, वरून "अनोळखी ठिकाणचं ॲप इन्स्टॉल करू का" ह्याला हो म्हटलं की ते मोबाईलमध्ये बसते अन् एसएमएस वाचायची परवानगी मागते, अन् ओटीपी एसएमएसवरच येतात. पत्रिका कधीच एपीके नसते राजेहो, पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ असते, फार झालं तर व्हिडिओ. सख्ख्या मामाच्या नंबरवरून आली तरी नाही दाबायची, कारण मामाचाच मोबाईल आधी हॅक झाला असू शकते.

मग व्ह्यूअर काय करते अन् प्लगइन कायले लागते

व्ह्यूअर म्हणजे फाईल नुसती उघडून दाखवणारा हलका प्रोग्राम. फोटोशॉप, कोरल, वर्ड हे बनवणारे प्रोग्राम, ते जड असतात अन् बहुतेक विकतचे. आपल्याला बनवायचं काहीच नाही, मार्कशीट वाचता आली पाहिजे, लहान करता आली पाहिजे, प्रिंट निघाली पाहिजे, एवढंच.

आता जगात फॉरमॅट शेकड्यानं आहेत. सगळे वाचायची विद्या एकाच प्रोग्राममध्ये कोंबली तर तो फुगून जाईल, म्हणून व्ह्यूअर नेहमीचे दहा-वीस फॉरमॅट स्वतः वाचतो अन् बाकीच्यांसाठी वेगळे छोटे तुकडे ठेवतो, त्यांना प्लगइन म्हणतात. वरच्या अडत्याला सोयाबीन, तूर, हरभरा पाठ आहे, पण कोणी जवस आणलं तर तो जवसाच्या जाणकाराला हाक मारतो, तसं. फाईल समोर आली की व्ह्यूअर तिची सुरुवातीची अक्षरं पाहतो, हे आपल्याला येत नाही म्हणतो, प्लगइनच्या फोल्डरमध्ये ते येणारा कोणी आहे का बघतो, असला की त्याच्या हातात देतो. नसला की स्क्रीनवर एरर.

म्हणजे "ही फाईल उघडत नाही" ह्या एररचा अर्थ बहुतेकदा एवढाच असते की जाणकार हजर नव्हता. फाईल खराब आहे असं नाही.

प्लगइन वेगळे ठेवायचं अजून एक कारण आहे, ते लोकांना माहीत नसते, ते म्हणजे पेटंट. फॉरमॅट वाचायच्या पद्धतीवरसुद्धा कंपन्यांचा हक्क असू शकते. जीआयएफमध्ये फाईल आवळायची जी पद्धत होती तिचं पेटंट युनिसिस नावाच्या कंपनीकडे होतं, १९९४ च्या शेवटी तिनं प्रोग्राम बनवणाऱ्यांकडून लायसन्सचे पैसे मागायला सुरुवात केली तेव्हा नेटवर बोंबाबोंब झाली अन् त्या रागातूनच पीएनजी जन्माला आला. आज तसंच काहीसं आयफोनच्या फोटोचं आहे. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हापासून आयफोन फोटो एचईआयसी फॉरमॅटमध्ये ठेवू लागला, त्यात फोटो आवळायला जी व्हिडिओची पद्धत वापरली आहे तिच्यावर भरपूर पेटंट आहेत, म्हणून विंडोजमध्येसुद्धा त्यासाठीची भर वेगळी घ्यावी लागते अन् मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये तिला थोडे पैसे पडतात. ती भर बसली असली की व्ह्यूअर तिच्याच आधारानं फोटो दाखवू शकतो. पण ह्याहून सोपा इलाज म्हणजे भाच्याला फोन करून सांगणं, आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथं मोस्ट कंपॅटिबल कर. त्यापुढचे सगळे फोटो सरळ जेपीजीत निघतील.

एक व्ह्यूअर घेऊन पाहू

असे व्ह्यूअर बरेच आहेत. मी इरफानव्ह्यूचं उदाहरण घेतो, कारण जुन्या, दोन-चार जीबी रॅमच्या काँप्युटरवरही तो झटकन उघडते, अन् गावात अजून तसेच काँप्युटर जास्त आहेत. बोस्नियातल्या यायत्से गावचा इरफान स्किल्यान नावाचा माणूस ऑस्ट्रियात शिकायला गेला अन् १९९६ मध्ये त्यानं हा प्रोग्राम बाहेर काढला. अजूनही तोच सांभाळते. चिन्ह म्हणजे एक लाल, चेंदामेंदा झाल्यासारखं मांजर, पहिल्यांदा पाहणाऱ्याला व्हायरसच वाटते, पण ते तसंच आहे, घाबरायचं काम नाही.

दोन गोष्टी डाउनलोड कराव्या लागतात, मूळ व्ह्यूअर अन् प्लगइनचा संच. बरेच लोक पहिली गोष्ट घेतात, दुसरी सोडतात अन् मग म्हणतात चालतच नाही. अन् दुसरी चूक म्हणजे जोडी चुकवणं. दोन्ही गोष्टी ३२ बिट अन् ६४ बिट अशा दोन प्रकारात मिळतात. व्ह्यूअर ३२ बिटचा आहे तर प्लगइनही ३२ चेच पाहिजे, ६४ चा आहे तर ६४ चे. एकाला दुसरं लागत नाही. बसलं की नाही ते पाहायचं असेल तर हेल्प मेन्यूत इन्स्टॉल्ड प्लगइन्स म्हणून आहे, तिथं यादी दिसते.

आता पोरानं नेटवरून कोणत्या तरी साईटवरचा फोटो उतरवला, त्याचं नाव जेपीजी आहे, पण फॉर्मच्या पोर्टलवर चढवला की ते म्हणते "इनव्हॅलिड फाईल". पोरगं वैतागून तोच फोटो परत परत चढवते, मग सर्व्हरला शिव्या घालते. हाच फोटो इरफानव्ह्यूमध्ये उघडला तर तो आधी एक चौकट दाखवते, की ही फाईल वेबपी आहे पण तिचं एक्स्टेन्शन चुकीचं आहे, नाव बदलून देऊ का? बस, कळलं सगळं. गूगलनं २०१० मध्ये काढलेला वेबपी फॉरमॅट आज बऱ्याच वेबसाईट वापरतात, आपली सरकारी पोर्टलं बहुतेक तो घेत नाहीत, अन् नुसतं नाव बदललं म्हणून आतला माल बदलत नाही. उघडलेल्या फोटोवर एस बटण दाबा, खाली प्रकारात जेपीजी निवडा, सेव्ह करा. आता तो खरा जेपीजी झाला.

मग येते केबीची कटकट. फॉर्म म्हणते फोटो पन्नास केबीच्या आत पाहिजे अन् मोबाईलचा फोटो चार एमबीचा, म्हणजे जवळपास ऐंशी पट मोठा. इथं लोक फोटोचा स्क्रीनशॉट काढतात, त्या स्क्रीनशॉटचा पुन्हा स्क्रीनशॉट, शेवटी चेहरा ओळखू येत नाही अन् फॉर्म रिजेक्ट. कंट्रोल आर दाबा, रुंदी-उंचीची चौकट येते. पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचा असते, ३०० डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात ३०० ठिपक्यांच्या हिशोबानं तो ४१३ बाय ५३१ पिक्सेल होते, ते आकडे टाका. पण आधी फोटो त्या मापात कापून घ्या, नाहीतर चेहरा चपटा होईल. मग सेव्ह करताना क्वालिटीची दांडी थोडी खाली घ्या. किती केबीची फाईल पाहिजे तो आकडाच टाकायची सोयही तिथं आहे, पण ती प्लगइनवर चालते, म्हणून संच नसला की ती दिसूनही कामाची नाही.

शाळेतल्या मास्तरांना तर बी बटण माहीत असलंच पाहिजे. पूर्ण वर्गाचे फोटो एका फोल्डरमध्ये आहेत अन् सगळे एकाच मापाचे, एकाच फॉरमॅटचे करायचे आहेत, तर बी दाबून यादीत सगळे घ्यायचे, माप सांगायचं, कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायचे ते सांगायचं, अन् चहा पिऊन यायचं. फक्त जुन्यावर नवीन लिहू नका, वेगळा फोल्डर द्या.

अन् चार पानांचा दाखला चार फोटोत आहे, पोर्टलला एकच पीडीएफ पाहिजे, ह्यासाठी ऑप्शन्स मेन्यूत मल्टीपेज इमेजेस म्हणून आहे, त्यातून सगळे फोटो क्रमानं लावून एक पीडीएफ बनवता येते. हे पण प्लगइनचंच काम.

आडवा आलेला फोटो उभा करायचा असेल तर नुसता फिरवून सेव्ह करू नका. जेपीजी दर वेळी सेव्ह होताना थोडी थोडी माहिती गाळते, एकदा-दोनदा कळत नाही पण सही-शिक्क्याच्या बारीक अक्षराला पुढं पुढं फरक पडते. शिफ्ट अन् जे दाबलं की काहीही न गाळता फिरवायची सोय उघडते. कागदपत्रांसाठी मी तरी तीच वापरा म्हणेन.

पावसानं कपाशी झोपली, तुम्ही पंचनाम्यासाठी फोटो काढले, तर फोटोच्या आत कोणत्या तारखेला, किती वाजता अन् लोकेशन चालू असेल तर कोणत्या जागी काढला ही माहिती असते. व्ह्यूअरमध्ये आय दाबून ती पाहता येते. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की ही माहिती गळून जाते अन् फोटोही दाबला जाते. मूळ फोटो मोबाईलमध्ये ठेवाच. उलट बाजूही लक्षात ठेवा, ही माहिती बदलता येते, म्हणून ती पक्का पुरावा झाली असं समजू नका.

"ऑनलाईन कन्व्हर्टर आहे ना, एवढं कायले करायचं?"

आहे, अन् सोपंही आहे. गूगलवर टाकलं की पहिल्याच पानावर दहा साईट निघतात, फाईल टाका, बदलून घ्या. त्यातल्या काही चांगल्याही असतील. पण फाईल चढवली म्हणजे काय झालं? तुमच्या आधारची, बापाच्या सातबाऱ्याची, पासबुकाच्या पहिल्या पानाची एक प्रत कोणत्या तरी देशातल्या कोणाच्या तरी काँप्युटरवर गेली. ते म्हणतात एका तासात डिलीट करतो. करत असतीलही, आपल्याजवळ पाहायचा काही मार्ग नाही. आपण घरी आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात सातबारा देत नाही, अन् इथं देतो, वरून त्यासाठी जाहिरातीही पाहतो.

अन् आमच्या इकडे एक साधं कारण वेगळंच आहे. लाईन गेली, टॉवर गेला, फॉर्मची शेवटची तारीख आजची. इन्व्हर्टरवर काँप्युटर चालते पण नेट चालत नाही. काँप्युटरवर बसलेला प्रोग्राम नेट मागत नाही, निदान फाईल तयार करून ठेवता येते अन् नेट आलं की फक्त चढवायचं राहते.

"फुकट देऊन राहिला म्हणजे त्याची काही तरी गोम असन"

हा प्रश्न गावात सगळ्यात आधी निघतो अन् तो बरोबरच आहे. फुकटाचे दोन-तीन प्रकार असतात. इरफानव्ह्यू घरी वापरायला अन् शाळा-कॉलेजात शिकवायला फुकट आहे, धंद्यासाठी नाही. म्हणजे तुम्ही ग्राहकाकडून फॉर्म भरायचे पैसे घेणारं सेवा केंद्र चालवत असाल तर नियमानं लायसन्स घ्यावं लागते, ते एका काँप्युटरसाठी फार महाग नसते, पण फुकटही नाही. बहुतेक केंद्रवाल्यांना हे माहीतच नसते.

दुसरा प्रकार मुक्त सॉफ्टवेअरचा, तिथं प्रोग्राम कसा लिहिला तेही उघडं असते अन् धंद्यातही वापरता येते. पीडीएफ अन् पुस्तकांसाठी सुमात्रा पीडीएफ, झिप-रारसाठी सेव्हन झिप, व्हिडिओसाठी व्हीएलसी, वर्ड-एक्सेलच्या फाईलींसाठी लिब्रेऑफिस. दुकानवाल्यानं ही चौकडी बसवली तर रोजचं बहुतेक काम भागते. सुमात्रा तर पीडीएफसोबत ईपब अन् डीजेव्हीयूसुद्धा उघडते, जुनी स्कॅन केलेली पुस्तकं बऱ्याचदा डीजेव्हीयूत सापडतात.

तिसरा प्रकार मात्र वाईट. खरा प्रोग्राम फुकटच आहे, पण भलत्याच साईटनं त्याच्यासोबत स्वतःचा कचरा बांधून दिला आहे. तुम्ही नाव शोधलं, मोठं हिरवं डाउनलोडचं बटण दिसलं, दाबलं, ते बटण जाहिरातीचं होतं. म्हणून प्रोग्राम त्याच्या स्वतःच्या साईटवरूनच घ्या, इरफानव्ह्यू असेल तर इरफानव्ह्यू डॉट कॉम, अन् इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट दाबत न जाता प्रत्येक पानावर कोणती खूण आधीच लावून ठेवली आहे ते वाचा.

"प्लगइनमधून व्हायरस येते म्हणतात"

येऊ शकते. हे लपवून काही फायदा नाही. प्लगइन हा चालणारा प्रोग्रामच आहे, व्ह्यूअरला काँप्युटरवर जेवढे हक्क तेवढेच त्याला. म्हणून कोणी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "हे प्लगइन टाका" म्हणून डीएलएल फाईल (विंडोजवर प्लगइन ह्याच फाईलीच्या रूपात असते) पाठवली तर ती टाकायची नाही.

पण प्लगइन चांगल्या माणसाचं असूनही घोटाळा होते, अन् तो समजून घ्यायसारखा आहे. विनरार नावाचा प्रोग्राम आपल्या इकडे घराघरात आहे, चाळीस दिवसांचा ट्रायल वर्षानुवर्षं चालवणारे सगळे. त्यात एसीई नावाचा जुनाट फॉरमॅट उघडायला दुसऱ्या कोणाची तरी एक डीएलएल घेतलेली होती, हे एक प्रकारचं प्लगइनच. तिच्यात जवळपास १९ वर्षं एक भोक होतं, मुद्दाम तयार केलेली फाईल उघडली की ती आपल्याला न सांगता भलत्याच फोल्डरमध्ये प्रोग्राम टाकून देई. चेक पॉइंट ह्या काँप्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या लोकांनी २०१९ मध्ये ते जाहीर केलं. त्या डीएलएलचा मूळ कोड विनरारवाल्यांकडे नव्हताच, मग दुरुस्त काय करणार, त्यांनी एसीई उघडणंच बंद करून टाकलं. म्हणजे आपण जन्मात एसीई फाईल पाहिली नाही तरी तिचा जाणकार आपल्या घरात बसलेला होता, दार उघडं टाकून.

दुसरं उदाहरण तर नेहमीच्या फॉरमॅटचं. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी वाचणाऱ्या गूगलच्याच लायब्ररीत (बरेच प्रोग्राम आपल्या आत वापरतात असा तयार कोड) भोक सापडलं, नुसता फोटो दाखवला तरी हल्ला होऊ शकेल असं. क्रोम, फायरफॉक्स अन् ती लायब्ररी वापरणारे कितीतरी प्रोग्राम धडाधड अपडेट झाले. पण ज्यानं चार वर्षांआधी व्ह्यूअर अन् प्लगइन बसवले अन् परत पाहिलेच नाहीत, त्याच्या काँप्युटरवर ते भोक तसंच. ब्राउझर स्वतःहून अपडेट होते, हे होत नाही, आपल्याला करावं लागते. नवीन व्ह्यूअर घेतला की प्लगइनचा संचही नवीन घ्या. अन् जो फॉरमॅट कधी लागणारच नाही त्याची डीएलएल प्लगइनच्या फोल्डरमधून काढून टाकली तरी बाकीचा व्ह्यूअर चालूच राहते.

"मंग सगळंच उघडते का?"

नाही. काही गोष्टी प्लगइनच्या हातातल्याच नाहीत.

कृतिदेव, श्रीलिपी ह्या जुन्या मराठी फॉन्टांत टाईप केलेल्या फाईलींचं घ्या. ग्रामपंचायतीचा पाच-सात वर्षांआधीचा ठराव उघडला तर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. फाईल बरोबर उघडली आहे, व्ह्यूअरनं त्याचं काम केलं आहे. त्या जमान्यात मराठी अक्षरांना स्वतःचे नंबर न वापरता इंग्रजी अक्षरांच्या नंबरवरच मराठी चित्रं बसवलेली असत, तो फॉन्ट तुमच्या काँप्युटरवर नसला की खालचं इंग्रजी उघडं पडते. इथं प्लगइन नाही, तो फॉन्ट पाहिजे, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे नंबर असलेल्या आजच्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागते. पीडीएफ बनवताना फॉन्ट आतच टाकला असेल तर मात्र वाचता येते.

पासवर्डवाल्या फाईली पासवर्डशिवाय उघडणार नाहीत अन् उघडूही नये. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये अन् त्याला लागून जन्माचं वर्ष, एवढं माहीत असलं की निम्म्या लोकांची सेंटरवरची चक्कर वाचते. अन् जिथं पूर्ण आधार नंबर मागत नाहीत तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

प्रिंटिंगवाल्याच्या बॅनरची कोरलमध्ये बनवलेली सीडीआर फाईल इरफानव्ह्यूच्या भरवशावर ठेवू नका, लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्ये टाकून पाहा, बऱ्याचदा उघडते, थोडं इकडचं तिकडे होते. नाहीतर प्रिंटिंगवाल्यालाच पीडीएफ करून मागा. फोटोशॉपची पीएसडी दिसते, पण तिचे थर वेगळे करता येत नाहीत.

अन् सगळ्यात महत्त्वाचं डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचं. व्ह्यूअर सातबारा दाखवते, पण सही खरी आहे की नाही हे तो सांगत नाही. ती सही पीडीएफच्या आत आकड्यांच्या रूपात असते. तुम्ही तो सातबारा जेपीजी करून लहान केला अन् परत पीडीएफ बनवली तर दिसायला तो तसाच दिसेल, पण आतली सही गेली, उरला नुसता फोटो. बँकेत, सोसायटीत द्यायचा असेल तर उतरवलेली मूळ पीडीएफ हात न लावता द्या. कोणी तुम्हाला सातबारा दाखवला अन् व्यवहार करायचा असेल तर त्यावरचा पडताळणी क्रमांक महसूल विभागाच्या साईटवर टाकून पाहा.

"माझ्याजवळ काँप्युटरच नाही, मोबाईल आहे"

इरफानव्ह्यू विंडोजचा आहे, मोबाईलवर येत नाही. प्ले स्टोअरवर त्याच्या नावासारखं काही दिसलं तर ते त्याचं नाही. मोबाईलवर व्हीएलसी अन् लिब्रेऑफिसचा व्ह्यूअर मिळते, फोटो अन् पीडीएफ तर मोबाईल स्वतःच दाखवते. "ऑल फाईल व्ह्यूअर" नावाचे जे शंभर ॲप असतात त्यांच्यापासून थोडं लांब राहा, फोटो दाखवायला कोणत्याही ॲपला काँटॅक्ट अन् एसएमएस वाचायचं काय काम? परवानगी मागितली की तिथंच थांबा.

सेंटरवर जाऊन काम करून घेत असाल तर पेनड्राईव्ह नाहीतर ईमेलवरून फाईल द्या, काम झालं की त्याला तुमच्या समोर डिलीट करायला लावा अन् रिसायकल बिनही रिकामी करायला लावा. सेंटरवाला भाऊ ओळखीचाच असते, राग येत नाही त्याला.

खरंच खराब झालेली फाईल कशी ओळखायची

सगळे प्लगइन आहेत, एक्स्टेन्शन बरोबर आहे, तरी उघडत नाही, तेव्हा फाईलचा आकार पाहा. शून्य केबी असेल तर आत काहीच नाही. पाठवणाऱ्याकडे ती दोन एमबीची अन् तुमच्याकडे तीनशे केबीची असेल तर डाउनलोड अर्ध्यात तुटलं, असा फोटो कधी कधी वरून अर्धा दिसते अन् खाली नुसता राखाडी पट्टा. सरकारी पोर्टलवरून उतरवलेली पीडीएफ उघडत नसेल तर ती नोटपॅडमध्ये टाका, पहिल्या ओळीत एचटीएमएल (वेबपानं ज्या भाषेत लिहितात ती) असं काही दिसलं तर ती पीडीएफच नाही, लॉगिन संपल्यामुळे पोर्टलनं एररचं पान पीडीएफच्या नावानं पाठवलं आहे. अशा वेळी कोणताही दुरुस्तीचा प्रोग्राम शोधत बसू नका. परत लॉगिन करून उतरवा, नाहीतर समोरच्याला परत पाठवायला सांगा, अन् सांगताना एवढं सांगा की व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, पिनचं चिन्ह दाबून डॉक्युमेंटमध्ये जा अन् तिथून पाठव.